फळ्याभोवतीची भिंत : तिसरी-चौथीच्या जोडवर्गातील प्रकल्प नोंदी, जून ते ऑक्टोबर २०२४

१८ जून २०२४

शाळा नुकतीच सुरू झाली आहे आणि वर्गाची मांडणी अजून कच्ची आहे, म्हणून या प्रकल्पाची सुरुवात आत्ताच करणे सोयीचे वाटते. आमची शाळा सातारा जिल्ह्यातील दोन शिक्षकी जिल्हा परिषद शाळा आहे. पहिली-दुसरी सहकारी गुरुजींकडे आणि तिसरी-चौथीचा जोडवर्ग माझ्याकडे आहे. एका वर्गाला फळ्यावर शिकवताना दुसऱ्या वर्गाला स्वाध्याय द्यावा लागतो, त्यामुळे कोणत्याही क्षणी निम्म्या मुलांनी माझ्याकडे पाहायचे असते आणि निम्म्यांनी माझ्याकडे पाहायचे नसते. ज्याकडे पाहायचे नाही त्याकडे न पाहणे हे काम आमच्या मुलांना दिवसभर करावे लागते, आणि ते कसे करायचे हे आम्ही त्यांना कधीच शिकवलेले नाही.

प्रश्न मनात आला तो गेल्या वर्षीच्या एका नोंदीमुळे. एका मुलाच्या वर्णनात्मक नोंदीत, म्हणजे मूल्यमापनासाठी शब्दांत लिहायच्या अभिप्रायात, मी दोन्ही सत्रांत ‘लक्ष लवकर विचलित होते’ असे लिहिले होते. उन्हाळी सुट्टीत कपाट आवरताना मी सहज त्याच्या जागेवर बसले आणि समोर पाहिले. फळ्याच्या उजव्या कडेला लागूनच अंकांची आगगाडी रंगवलेली आहे, एक ते शंभर, प्रत्येक डबा वेगळ्या रंगाचा. त्या जागेवरून फळ्यावरचे अक्षर आणि गाडीचे इंजिन एकमेकांना चिकटून दिसतात. त्या मुलाने वर्षभर काय पाहिले असेल हा विचार तेव्हापासून मला सोडत नाही.

समोरच्या भिंतीची यादी डावीकडून उजवीकडे अशी आहे: महाराष्ट्राचा नकाशा, बाराखडीचा तक्ता, वाढदिवसांचा तक्ता, सुविचाराची पाटी, फळा, त्यावर छताला टांगलेल्या रंगीत झिरमिळ्या, अंकांची आगगाडी, पाढ्यांचा तक्ता आणि शाबासकीचा तक्ता, ज्यावर मुलांच्या नावापुढे सोनेरी चांदण्या चिकटवतो. यातील बरेचसे मी स्वतः हौसेने केलेले आहे. आमच्याच जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये, म्हणजे शाळांच्या एका गटात, ज्ञानरचनावादाचे (मूल स्वतः करून, अनुभवातून ज्ञान घडवते या विचाराचे) जे काम झाले ते पाहायला राज्यभरातून शिक्षक येत असत. बोलक्या भिंती आणि रंगवलेल्या फरश्या यांचे महत्त्व मला पटलेले आहे आणि आजही पटते. प्रश्न एवढाच आहे की शिकवणे चालू असताना भिंतीने बोलावे का.

२४ जून २०२४

या विषयावरचा जो अभ्यास आमच्या परिस्थितीला सर्वांत जवळचा आहे तो पुन्हा नीट वाचला. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील ॲना फिशर, कॅरी गॉडविन आणि हॉवर्ड सेल्टमन यांनी तो २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी बालवर्गातील २४ मुलांना विज्ञानाचे सहा छोटे पाठ शिकवले. तीन पाठ तक्ते, चित्रे आणि नकाशांनी भरलेल्या खोलीत झाले आणि तीन पाठ त्याच खोलीतील भिंती मोकळ्या करून झाले. भरलेल्या खोलीत मुलांचा ३८.६ टक्के वेळ पाठाबाहेर गेला, मोकळ्या खोलीत २८.४ टक्के. पाठानंतरच्या चाचणीत भरलेल्या खोलीतील बरोबर उत्तरे ४२ टक्के होती आणि मोकळ्या खोलीतील ५५ टक्के.

मला यातील आणखी एक बाब अधिक महत्त्वाची वाटते. भिंती मोकळ्या केल्यावर मुले शेजाऱ्याशी आणि स्वतःशी जास्त रमू लागली, म्हणजे विचलनाचा काही भाग नुसता जागा बदलून बसला. तरीही एकूण वाया गेलेला वेळ कमीच राहिला. तेव्हा भिंत झाकली की सगळे सुटले असे समजायचे नाही, हे आरंभीच लिहून ठेवते. शिवाय ती मुले पाच-सहा वर्षांची होती आणि आमची आठ ते दहा वर्षांची आहेत. त्यांची खोली प्रयोगासाठी सजवलेली होती, आमच्या भिंती मुलांनी वर्षानुवर्षे पाहिलेल्या आहेत. म्हणून त्यांचे आकडे इथे लागू करायचे नाहीत, त्यांची पाहण्याची पद्धत तेवढी घ्यायची.

१ जुलै २०२४

भिंतीला हात लावण्यापूर्वी, नको ते डोळ्यांत कसे घुसते हे मुलांनाच अनुभवू द्यावे असे ठरवले. त्यासाठी पत्त्यांचा एक खेळ तयार केला. त्याचे मूळ डच मानसशास्त्रज्ञ यान थेउवेस यांच्या १९९२ च्या प्रयोगात आहे. त्यांनी पडद्यावर हिरवी वर्तुळे दाखवली आणि त्यांत एकच हिरवा समभुज चौकोन ठेवला. प्रत्येक आकृतीच्या पोटात एक छोटी रेघ होती आणि चौकोनातील रेघ उभी आहे की आडवी एवढेच सांगायचे होते. काही वेळा वर्तुळांपैकी एक लाल असे. लाल वर्तुळाचा उत्तराशी काहीही संबंध नव्हता आणि हे भाग घेणाऱ्यांना पक्के ठाऊक होते, तरी ते असताना उत्तर द्यायला जास्त वेळ लागत असे.

आमच्याकडे संगणकावर सहस्रांश सेकंद मोजण्याची सोय नाही. म्हणून जाड कार्डशीटचे प्रत्येकी २० पत्त्यांचे दोन गठ्ठे केले, एका गठ्ठ्यात सगळे हिरवे आणि दुसऱ्यात प्रत्येक पत्त्यावर एक लाल वर्तुळ. एकेका पत्त्याचा वेळ मोजता येत नसला तरी पूर्ण गठ्ठ्याचा वेळ मोबाइलवर मोजता येतो. सरावाने दुसरा गठ्ठा आपोआप लवकर होतो, म्हणून निम्म्या मुलांना आधी हिरवा आणि निम्म्यांना आधी लाल गठ्ठा द्यायचा. समभुज चौकोनाला मुले शंकरपाळी म्हणतात. खेळात तोच शब्द ठेवला आहे.

५ जुलै २०२४

मधल्या सुट्टीनंतर खेळ झाला. बहुतेक मुलांना लाल वर्तुळाच्या गठ्ठ्याला जास्त वेळ लागला, ज्यांनी तो नंतर खेळला त्यांनाही. वेळेपेक्षा मला त्यांचे डोळे पाहण्यात अधिक रस होता. पत्ता उलटला की नजर आधी लालवर टेकायची, क्षणभर थांबायची आणि मग शंकरपाळीकडे सरकायची. मोठ्या माणसांच्या बाबतीत हा फरक इतका सूक्ष्म असतो की यंत्राशिवाय कळत नाही, पण तिसरीच्या मुलांत तो नुसत्या डोळ्यांनी टिपता आला.

मग मी माझी रोजची सवय तपासून पाहिली. वर्गात मी दिवसातून अनेकदा म्हणते, ‘तिकडे बघू नका.’ तसेच इथे म्हटले, ‘आता लाल गोलाकडे मुळीच बघायचे नाही.’ मुलांनी माना हलवल्या आणि पुढच्या फेरीत ती लालवर आधीपेक्षा जास्त अडखळली. पहिल्या रांगेतील एक मुलगी पत्ते खाली ठेवून म्हणाली, ‘बाई, तुम्ही लाल म्हणालात म्हणून मला लालच दिसतंय.’ तिचे वाक्य मी जसेच्या तसे इथे लिहून ठेवते, कारण या प्रकल्पाचा गाभा तिने मला सांगितला.

१२ जुलै २०२४

त्या मुलीच्या वाक्यामागे काय आहे ते या आठवड्यात वाचले. डॅनिएल वेग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९८७ मधील प्रयोग प्रसिद्ध आहे. पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका आणि आलाच तर घंटी वाजवा असे सांगितल्यावर लोक पुन्हा पुन्हा घंटी वाजवत राहिले. तो प्रयोग विचारांचा होता. नजरेच्या बाबतीत हेच घडते का, हे जेफ मोहर आणि हॉवर्ड एगेथ यांनी २०१२ मध्ये तपासले. शोध सुरू होण्यापूर्वी, अमुक रंगाकडे दुर्लक्ष करा, असे सांगितले तर शोध जलद होण्याऐवजी मंदावला. त्यांच्या मांडणीनुसार, जे टाळायचे आहे ते टाळण्यासाठी मन आधी ते शोधून काढते, त्यावर जाऊन टेकते आणि मगच त्याला बाजूला सारते. म्हणजे ‘बघू नका’ ही सूचना पाळायची तर आधी एकदा बघावेच लागते. मूल आज्ञा मोडत नाही. आज्ञेची रचनाच अशी आहे की तिची पहिली पायरी नेमकी उलट दिशेला पडते.

याच गटाचा २०१६ मधील अभ्यास मला दिलासा देणारा वाटला. कॉर्बिन कनिंगहॅम आणि एगेथ यांना असे दिसले की टाळायचा रंग प्रत्येक वेळी तोच ठेवला आणि सराव भरपूर झाला, तर सुरुवातीचा तोटा भरून निघतो आणि पुढे ती सूचना उपयोगीही पडू लागते. रंग दर वेळी बदलत राहिला तर असा फायदा होत नाही. दुर्लक्ष करणे ही शिकता येणारी गोष्ट आहे, परंतु ती सांगून येत नाही, स्थिर परिस्थितीत वारंवार करूनच येते. वर्गाच्या भाषेत याचा अर्थ असा की दर आठवड्याला मी हौसेने जो तक्ता बदलते, तो मुलांच्या कमावलेल्या दुर्लक्षाला दर आठवड्याला पुन्हा पहिल्या पायरीवर आणतो.

लाल वर्तुळाकडे नजर जाणे अटळ आहे का, यावर संशोधकांत तीस वर्षे वाद चालला, आणि तो समजून घेणे मला आवश्यक वाटले, कारण अटळ असेल तर भिंत झाकण्यावाचून उपाय नाही आणि अटळ नसेल तर मुलांना काही शिकवता येईल. थेउवेस यांचे म्हणणे असे होते की जे सर्वांत ठळक आहे ते प्रथम लक्ष ओढतेच, आपला हेतू काहीही असो. त्याच वर्षी, १९९२ मध्ये, चार्ल्स फोक, रॉजर रेमिंग्टन आणि जेम्स जॉन्स्टन यांनी वेगळा निष्कर्ष मांडला: जे आपण शोधत असतो त्याच्याशी ज्या गोष्टीचे साम्य असते तीच आपल्याला ओढते, बाकीच्या ठळक गोष्टी बाजूने निघून जातात. लाल शोधणाऱ्याला लाल गोष्ट अडवते, अचानक उगवणारा ठिपका शोधणाऱ्याला अचानक उगवणारी गोष्ट अडवते.

१९९४ मध्ये विल्यम बेकन आणि एगेथ यांनी दोघांच्या मधला एक दुवा दाखवला. सगळ्या वर्तुळांत एकच शंकरपाळी असेल तर मन आकार शोधतच नाही, ‘जे वेगळे आहे ते’ शोधते, आणि लाल वर्तुळही वेगळेच असल्यामुळे ते या जाळ्यात सापडते. पण पत्त्यावर वर्तुळे, चौकोन, त्रिकोण असे मिश्र आकार असतील तर ‘वेगळे ते’ ही युक्ती चालत नाही, शंकरपाळीच शोधावी लागते, आणि मग लालचा अडथळा जवळजवळ नाहीसा होतो. हे वाचल्यावर तिसरा गठ्ठा करायला बसले.

१८ जुलै २०२४

तिसरा गठ्ठा खेळून झाला. मिश्र आकारांत शंकरपाळी शोधताना चौथीची बरीच मुले लालवर अडखळली नाहीत. तिसरीच्या काही मुलांचे अडखळणे तसेच राहिले. या वेळी मी लालचे नावही काढले नाही. फक्त ‘शंकरपाळी कुठे आहे?’ एवढेच विचारले.

२९ जुलै २०२४

आता प्रत्यक्ष वर्ग. आंतरवासितेसाठी, म्हणजे शाळेतील प्रत्यक्ष सरावासाठी, आलेली एक छात्राध्यापिका (शिक्षिका होण्याचे प्रशिक्षण घेणारी विद्यार्थिनी) मदतीला मिळाली आहे. तिने वर्गाच्या मागे बसून वीस मिनिटांच्या पाठात ठरलेल्या क्रमाने एकेका मुलाकडे पाहायचे आणि ते मूल त्या क्षणी कशात आहे याची खूण करायची: फळा किंवा वही, भिंत, शेजारी, स्वतःशी चाळा, दप्तर-कंपास, इतर. रकाने फिशर यांच्या अभ्यासावरून घेतले आहेत. मुलांची नावे कुठेही लिहायची नाहीत, बसण्याच्या जागेला क्रमांक द्यायचा. पालकांना शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत याची कल्पना दिली आहे.

या पद्धतीची मर्यादा मान्य केली पाहिजे. नजर जिथे असते तिथेच लक्ष असते असे नाही. हर्मान फॉन हेल्महोल्त्झ यांनी एकोणिसाव्या शतकात अंधाऱ्या पेटीत अक्षरे ठेवून क्षणभर ठिणगीचा प्रकाश पाडला होता आणि डोळे मधल्या टाचणीच्या छिद्राएवढ्या प्रकाशबिंदूवर खिळवून ठेवूनही लक्ष कडेच्या अक्षरांवर नेता येते हे स्वतःवर तपासले होते. खिडकीबाहेर पाहत असलेले मूल कान देऊन ऐकत असू शकते आणि फळ्याकडे टक लावलेले मूल मनाने ओढ्यावर गेलेले असू शकते. म्हणून खुणांना मी पुरावा म्हणणार नाही. त्या फक्त कुठे अधिक बारकाईने पाहायचे ते दाखवतात.

पहिल्या आठवड्यात दाखवले ते असे. नकाशा, बाराखडी आणि सुविचाराची पाटी यांकडे मुले फारशी पाहतच नाहीत. शाबासकीच्या तक्त्याकडे दिवसभर पाहतात. अंकांच्या आगगाडीकडे भाषेच्या तासाला क्वचित नजर जाते, पण गणिताच्या तासाला सतत जाते. आणि वीज गेलेली असताना झिरमिळ्यांकडे कोणाचेही लक्ष नसते. वीज येऊन पंखा सुरू झाला की सगळा वर्ग एकदम वर पाहतो, आणि पंखा चालूच राहिला तर थोड्या वेळाने पुन्हा कोणी पाहत नाही.

६ ऑगस्ट २०२४

गेल्या नोंदीतील तिन्ही गोष्टींचे धागे सापडले आणि तिन्ही ठिकाणी माझी समजूत चुकीची होती.

झिरमिळ्या हलतात म्हणून मुले पाहतात असे मी धरून चालले होते. रिचर्ड एब्रम्स आणि शॉन क्राइस्ट यांनी २००३ मध्ये दाखवले की लक्ष ओढते ती चालू असलेली हालचाल नव्हे, हालचालीची सुरुवात. स्थिर वस्तू हलू लागते तो क्षण महत्त्वाचा. त्याआधी, १९८४ मध्ये, स्टीव्हन यांटिस आणि जॉन जोनिडीस यांनी अचानक प्रकट होणाऱ्या वस्तूंबद्दल असेच सांगितले होते. आमच्याकडे वीज दिवसातून अनेकदा जाते-येते, म्हणजे ही सुरुवात दिवसातून अनेकदा घडते. झिरमिळ्या आजच उतरवल्या. त्यांच्याबद्दल विचार करण्यासारखे काही शिल्लक नाही.

शाबासकीच्या तक्त्याचे कारण अधिक खोल आहे. ब्रायन अँडरसन, पॅट्रिक लॉरेंट आणि यांटिस यांनी २०११ मध्ये लोकांना आधी विशिष्ट रंगाच्या आकृत्या शोधण्याबद्दल पैसे दिले आणि नंतर बक्षीस पूर्ण बंद करून दुसरेच काम दिले. त्या कामात रंगाला काही अर्थ नव्हता, तरीही ज्या रंगाने पूर्वी बक्षीस दिले होते तो मध्ये आला की काम मंदावत असे. सोनेरी चांदणी ही आमच्या वर्गातील अशीच वस्तू आहे. ती केवळ चकाकते म्हणून ओढत नाही, तिने पूर्वी आनंद दिला आहे म्हणून ओढते. ज्याच्या नावापुढे चांदण्या कमी आहेत ते मूल तिकडे अधिक वेळ पाहते असे छात्राध्यापिकेने सांगितले तेव्हा मला फार वाईट वाटले. तो तक्ता मी मुलांना हुरूप यावा म्हणून लावला होता आणि तो प्रत्येक पाठात त्यांच्या समोर त्यांचा हिशेब मांडत उभा होता.

आगगाडीने मात्र मला सर्वांत जास्त शिकवले. विषयाशी संबंधित तक्ता समोर असला तर त्याचा अडथळा होत नाही, उलट मदतच होते, असे आम्ही सगळे शिक्षक मानतो. फोक यांच्या मांडणीतून पाहिले तर चित्र उलटे दिसते. गणिताच्या तासाला मुलाचे मन संख्या शोधायला सज्ज झालेले असते आणि त्या सज्जतेला उत्तर देणारी सर्वांत रंगीत वस्तू फळ्यावर नसते, आगगाडीच्या डब्यांवर असते. असंबंधित सुविचाराची पाटी त्याच्या नजरेतून गळून जाते. संबंधित आगगाडी गळत नाही. अर्थात ज्या क्षणी मी स्वतः म्हणते की ‘गाडीतला सत्तेचाळीस नंबरचा डबा शोधा’, त्या क्षणी तीच गाडी उत्तम साधन ठरते. दोष गाडीत नाही, ती फळ्याच्या कडेला आहे यात आहे.

२० ऑगस्ट २०२४

आगगाडी रंगवलेली असल्याने हलवता येत नाही. म्हणून फळ्याच्या दोन्ही बाजूंना तार ओढून जुन्या फिक्या साड्यांचे सरकते पडदे लावले. पहिले तीन दिवस पडदाच सर्वांत मोठा अडथळा ठरला. जी वस्तू काल नव्हती ती आज आहे, एवढे कारण पुरेसे होते. शिवाय खिडकीतून वारा आला की त्याची खालची कड फडफडायची, म्हणजे झिरमिळ्या काढून मी त्याहून मोठी झिरमिळी लावली होती. चौथीच्या दोन मुलांनी कडेला दुमड घालून बांबूच्या कामट्या घालण्याची युक्ती सुचवली आणि त्यांच्या आजीने ते शिवून दिले. आता पडदा स्थिर आहे. पहिल्या आठवड्याच्या खुणा मोजायच्या नाहीत.

२९ ऑगस्ट २०२४

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पडद्यांचा विषय निघाला आणि तो निघणे योग्यच होते. भिंती लोकवर्गणीतून रंगवल्या आहेत आणि त्या रंगवणारे एक पालक स्वतः बैठकीला होते. त्यांनी शांतपणे विचारले, ‘बाई, चित्रं झाकायचीच होती तर आम्ही काढली कशाला?’ मी त्यांना माझ्या खुर्चीऐवजी त्या मुलाच्या जागेवर बसायला सांगितले, फळ्यावर एक परिच्छेद लिहिला आणि मोठ्याने वाचायला सांगितला. तिसऱ्या ओळीला ते थांबले आणि म्हणाले की इंजिन मध्ये येते. मग त्यांनीच सुचवले की मागच्या भिंतीला नवा रंग देऊन तिथे दुसरी गाडी काढावी, म्हणजे मुले उठून तिच्याजवळ जातील आणि हाताने डबे मोजतील. समितीने दिवाळीच्या सुट्टीत हे काम करण्याचे मान्य केले.

आमच्या केंद्रातील, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातील, शिक्षकांच्या शिक्षण परिषदेतही मी हा विषय थोडक्यात मांडला. एका ज्येष्ठ शिक्षकांचा आक्षेप विचार करण्यासारखा होता: बाहेरचे जग पडदे लावून थांबणार नाही, मग मुलांना विचलनात काम करण्याची सवय इथेच का लावू नये? माझे उत्तर असे की पोहायला शिकवताना आपण मुलाला आधी विहिरीच्या पायरीवर धरतो, पाठीला डबा बांधतो. सवय लावायची तर तिची मात्रा ठरवावी लागते, आणि आत्ता ती मात्रा कोणीही ठरवत नाही. जो तक्ता हाती आला तो जागा मिळेल तिथे लागतो.

२० सप्टेंबर २०२४

पडदे लावून महिना झाला. भिंतीच्या रकान्यातील खुणा स्पष्टपणे कमी झाल्या आहेत. शेजाऱ्याच्या रकान्यात काही वाढल्या आहेत, जसे जूनमध्ये वाचले होते तसेच. कामात असण्याच्या खुणा एकंदरीत वाढल्या आहेत, पण याच महिन्यात पाऊस कमी झाला, खिडक्या उघडल्या, उजेड वाढला आणि मुलांना छात्राध्यापिकेची सवयही झाली. यातील कशाचा वाटा किती हे एका वर्गावरून सांगता येणार नाही आणि मी ते सांगणार नाही.

या महिन्यात एक वेगळी गोष्ट लक्षात आली. विचलन सर्वांत जास्त होते ते काम सोपे असताना: फळ्यावरून उतरवून घेणे, पाढे लिहिणे. जोडवर्गातील तिसरीची मुले स्वाध्यायाला बसतात तेव्हा नेमकी हीच कामे त्यांच्याकडे असतात. नीली लावी यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या सिद्धांताशी हे जुळते. त्यांच्या मते पाहण्याच्या कामाने डोळ्यांची क्षमता भरून टाकली तर नको त्या गोष्टीला आत यायला जागाच उरत नाही. काम हलके असेल तर उरलेली क्षमता आपोआप आजूबाजूच्या गोष्टींवर सांडते. सिंथिया हुआंग-पोलक, थॉमस कार आणि जोएल निग यांनी २००२ मध्ये मुलांवर आणि मोठ्यांवर हे तपासले, तेव्हा हलक्या कामात मुले मोठ्यांपेक्षा अधिक विचलित झाली, मात्र काम दृष्टीला भरगच्च असताना मुले मोठ्यांच्या बरोबरीने टिकली. यावरून स्वाध्यायपत्रिका बदलल्या: दहा ओळी उतरवण्याऐवजी दोन जवळजवळ सारख्या परिच्छेदांतील फरक शोधणे, आलेख-कागदावर आकृती पुरी करणे. हा बदल पडद्यांइतकाच उपयोगी ठरेल असे मला वाटू लागले आहे, आणि त्याला साडीही लागत नाही.

जुलैमधील वादाचा पुढचा भागही इथे नोंदवते. निकोलस गॅस्पेलिन, कार्ली लेनर्ड आणि स्टीव्हन लक यांनी २०१५ मध्ये शोधाच्या मध्येच अचानक प्रत्येक आकृतीवर एकेक अक्षर दाखवले आणि कोणती अक्षरे दिसली ते विचारले. ठळक रंगाच्या आकृतीने लक्ष ओढले असते तर तिच्यावरचे अक्षर जास्त वेळा आठवले असते. ती नुसतीच दुर्लक्षित राहिली असती तर इतर साध्या आकृत्यांइतके आठवले असते. प्रत्यक्षात ते त्यांच्याहूनही कमी आठवले. म्हणजे मन त्या जागेला केवळ वगळत नव्हते, तिला दाबून खाली ढकलत होते. दुर्लक्ष म्हणजे काही न करणे, असे मी आजवर समजत होते. या निकालाने माझी ती समजूत पुसली. २०२१ मध्ये थेउवेस, फोक, रेमिंग्टन, लक आणि गॅस्पेलिन या परस्परविरोधी मतांच्या संशोधकांनी एकत्र बसून, कशावर आपले एकमत आहे आणि कशावर नाही, याचा एकच लेख लिहिला, ही गोष्ट मला शिक्षक म्हणून फार मोलाची वाटते.

बेंची वांग आणि थेउवेस यांचे २०१८ चे कामही आमच्या उपयोगाचे आहे. लाल वर्तुळ एका ठरावीक जागी वारंवार येत राहिले तर त्या जागेवरचा त्याचा अडथळा कमी होत जातो, आणि असे काही घडते आहे हे बहुतेक लोकांना कळतही नाही. याची दुसरी बाजू अशी की शोधायची वस्तू त्या जागी आली तर तीही उशिरा सापडते. वर्षानुवर्षे सुविचार जिथे लिहिला जातो त्या पाटीवर मी परवा सहलीची सूचना लिहिली आणि ती एकाही मुलाने आपणहून वाचली नाही. जी जागा मुलांनी न पाहायला शिकून ठेवली आहे तिथे महत्त्वाचे काही लिहायचे नाही.

४ ऑक्टोबर २०२४

ठरले ते असे: समोरची भिंत फळ्यापुरती. शाबासकीचा तक्ता बंद. त्याऐवजी शनिवारी प्रत्येक मुलाशी त्याच्या वहीवर बोलायचे. तक्ते मागच्या भिंतीवर, आणि ज्या पाठाला जो लागेल तो पाठापुरता समोर आणून मग परत न्यायचा. जागा मात्र वर्षभर बदलायच्या नाहीत. ‘तिकडे बघू नका’ हे वाक्य मी वापरणार नाही. त्याऐवजी काय शोधायचे ते सांगायचे: ‘तिसऱ्या ओळीतला जोडशब्द कोणता?’ छात्राध्यापिकेने मोजले तेव्हा पहिल्या दोन दिवसांत ते जुने वाक्य माझ्या तोंडून अनेकदा निसटले. सवय मोडायला मलाही तेवढाच सराव लागतो आहे.

२५ ऑक्टोबर २०२४

प्रथम सत्राच्या वर्णनात्मक नोंदी लिहून झाल्या. गेल्या वर्षी ज्याच्याबद्दल मी ते वाक्य लिहिले होते तो मुलगा आता चौथीत आहे आणि खिडकीपासून दूर, फळ्यासमोर बसतो. त्याच्या नोंदीशी मी बराच वेळ थांबले. शेवटी असे लिहिले: ‘काय शोधायचे हे सांगितल्यास दीर्घकाळ एकाग्रतेने काम करतो. समोरची भिंत मोकळी असताना वाचन अखंड होते. हलणाऱ्या वस्तूंपासून दूर बसवावे.’ मग जुनी नोंदवही काढून गेल्या वर्षीच्या त्याच्या पानाशी, तारीख टाकून, त्या वेळी तो कोणत्या जागेवर बसत होता आणि त्या जागेवरून काय दिसत होते तेही लिहून ठेवले.

मागच्या भिंतीला पांढरा हात देऊन झाला आहे. गाडीचे इंजिन कोणत्या टोकाला असावे यावर तिसरीत आणि चौथीत अजून एकमत झालेले नाही. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी ठरवू.